उद्योगाच्या गडाला हिरकणीचा बुरूज

रायगडाचे दरवाजे सायंकाळी बंद झाले आणि तान्ह्या बाळाच्या ओढीने हिरकणी गवळण अवघड कडा उतरून गेली, ही आख्यायिका मराठी घराघरांत सांगितली जाते. तिच्या उत्तरार्धात राज्यकर्त्याची दृष्टी दिसते. शिवछत्रपतींनी हिरकणीला शिक्षा केली नाही. तिचा सन्मान केला आणि ती उतरली त्या जागी बुरूज बांधला. केवळ महादरवाजा भक्कम असल्याने गड सुरक्षित होत नाही, हे त्यामागचे सूत्र. आजच्या उद्योगजगताला नेमका त्याचाच विसर पडला आहे.

फेब्रुवारी २०२२ च्या अखेरीस जपानमधील कोजिमा या सुट्या भागांच्या पुरवठादाराच्या संगणकांवर हल्ला झाला. हल्लेखोर शिरले ते कोजिमाच्याही एका उपकंपनीच्या दूरसंपर्क यंत्रातून. परिणामी १ मार्च रोजी बलाढ्य टोयोटाला जपानमधील आपले सर्व १४ कारखाने बंद ठेवावे लागले. २०२५ मध्ये टाटा समूहाच्या जॅग्वार लँड रोव्हरवर हल्ला झाला आणि ब्रिटनमधील उत्पादन सुमारे पाच आठवडे ठप्प झाले. तेथील अभ्यासकांच्या अंदाजानुसार नुकसान १.९ अब्ज पौंडांचे होते आणि त्याची झळ पाच हजारांहून अधिक संस्थांना बसली. त्यांत छोटे पुरवठादारही होते.

हे संकट परदेशापुरते नाही. जून २०१७ मध्ये युक्रेनमधील हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून पसरलेल्या विषाणूने न्हावाशेवा बंदरातील एका टर्मिनलचे काम विस्कळीत केले. मार्च २०२१ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचीच संगणकयंत्रणा खंडणीखोरांच्या तावडीत सापडली.

प्रवरेवरील कोल्हारचा पूल बंद पडला की नगर-मनमाड मार्ग खोळंबतो, हे त्या परिसरात कोणालाही कळते. संगणकाची वाट मात्र डोळ्यांना दिसत नाही. ऐन गळीत हंगामात एखाद्या साखर कारखान्याच्या ऊसनोंदी आणि वजनकाट्याचे हिशेब कुलूपबंद झाले, तर तोडलेला ऊस वाहनांतच वाळेल, उतारा घटेल आणि शेतकऱ्याचे बिल अडकेल. नगरच्या औद्योगिक वसाहतीतील सुटे भाग बनवणाऱ्या लघुउद्योजकाचे दुखणेही हेच. मोठी कंपनी करारात सुरक्षेचे कलम घालून मोकळी होते. तज्ज्ञ नेमण्याचा खर्च मात्र पाच-दहा कामगारांच्या कारखान्याला पेलणारा नसतो.

या प्रश्नाचे उत्तर कोल्हारच्या शेजारीच आहे. एकट्या शेतकऱ्याला साखर कारखाना उभारणे अशक्य होते. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने शेतकऱ्यांनी भागभांडवल गोळा केले आणि १९५०-५१ मध्ये प्रवरानगरच्या सहकारी कारखान्याचे गाळप सुरू झाले. एकट्याला न परवडणारे संरक्षणही असेच सर्वांनी मिळून उभारता येईल. औद्योगिक वसाहतीतील संघटनांनी सामाईक तज्ज्ञ नेमावेत आणि मोठ्या खरेदीदारांनी त्या खर्चात वाटा उचलावा. पुरवठादार बुडाला, तर त्यांचेही चाक थांबणार आहे.

काही उपाय तर जवळजवळ फुकट आहेत. माहितीची एक प्रत संगणकजाळ्यापासून अलग ठेवावी. कार्यालयाचे आणि यंत्रांचे जाळे वेगळे असावे. बँक खाते बदलल्याचा ईमेल आला, तर आधीपासून माहीत असलेल्या क्रमांकावर दूरध्वनी करून खात्री करावी. काम सोडून गेलेल्या माणसाचा पासवर्ड त्याच दिवशी रद्द करावा.

सर्वांत अवघड आहे ती मनोवृत्ती बदलणे. सर्ट-इन या केंद्रीय संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार अशा घटनेची माहिती सहा तासांत देणे बंधनकारक आहे. तरीही अब्रू जाईल, कंत्राट जाईल या भीतीने घटना दडवल्या जातात आणि चुकीच्या जोडणीवर बोट ठेवणारा कर्मचारीच दोषी ठरतो. शिवरायांनी कडा उतरणारीला गौरवले, म्हणून वाट कळली आणि बुरूज उभा राहिला. वाट दाखवणाऱ्याला गप्प बसवणारा कारखाना ती शत्रूसाठी उघडी ठेवत असतो.