वास्तुशांतीपूर्वी वास्तुपरीक्षा

जोयडा तालुक्यात जागा घेऊन घर बांधण्याची हौस आमच्या समाजात अलीकडे बळावू लागली आहे. मुंबई-पुण्यास नोकरीत आयुष्य घालविलेले, गोव्यातील किंवा कारवारातील गर्दीला विटलेले गृहस्थ एखाद्या रविवारी मोटारीने गणेशगुडीच्या बाजूस जातात, काळी नदीचे पाणी पाहतात, हिरवे डोंगर पाहतात, दलालाने दाखविलेल्या तुकड्यावर अर्धा तास उभे राहतात आणि परतताना विसार देऊन येतात. मागाहून वास्तुशास्त्री बोलाविला जातो. दरवाजा पूर्वेस असावा की उत्तरेस, स्वयंपाकघर आग्नेयेस बसते की नाही, यावर महिना महिना खल चालतो. देवाला कौलही लावला जातो. मात्र विहिरीला वैशाखात पाणी असते काय, पाठीमागचा डोंगर पूर्वी कधी खचला होता काय, जमिनीवर हक्क कोणाचा आणि शेजारी कोण, हे प्रश्न कोणी विचारीत नाही. या रीतीस आमचा विरोध आहे, आणि तो आम्ही येथे स्पष्ट शब्दांत नोंदवीत आहोत.

आम्ही धर्माचाराविरुद्ध बोलत आहोत असा ग्रह कोणी करून घेऊ नये. ज्या शास्त्राचे नाव घेऊन दिशांचा घोळ घातला जातो, ते शास्त्र तरी काय सांगते? सहाव्या शतकातील वराहमिहिराने बृहत्संहितेच्या वास्तुविद्येच्या अध्यायात भूमीची परीक्षा सांगितली आहे. हातभर खड्डा खणावा, निघालेली माती पुन्हा त्यातच भरावी. माती उरली तर भूमी चांगली, कमी पडली तर वाईट. खड्डा पाण्याने भरून शंभर पावले जाऊन यावे आणि पाणी किती उरले ते पाहावे. त्याच ग्रंथात भूमीखालील पाणी कसे शोधावे यासाठी दकार्गल नावाचा स्वतंत्र अध्याय आहे. म्हणजे माती आणि पाणी यांची चौकशी हाच शास्त्राचाही भाग होता. आम्ही तो गाळला आणि सोयीचा तेवढा ठेवला.

आमच्या देवस्थानांचा इतिहासही हेच शिकवितो. १५६० मध्ये श्रीमंगेशाचे स्थलांतर कुशस्थळीहून प्रियोळास झाले. त्या काळच्या महाजनांनी केवळ रम्य दरी पाहिली नाही. जुवारी ओलांडली की पोर्तुगीज सत्तेची हद्द संपते, हे त्यांनी पाहिले. राज्य कोणाचे, हद्द कोठवर आणि आश्रय कोणाचा, हा विचार देवासाठी करावा लागला. मग माणसाने स्वतःच्या घरासाठी तो करू नये काय?

आता जोयड्याकडे वळू. या तालुक्याचे जुने नाव सुपे. काळी आणि पांढरी या नद्यांच्या संगमावर वसलेले सुपे गाव आज सुपे धरणाच्या जलाशयाखाली आहे. धरणाचे काम १९७४ मध्ये सुरू होऊन १९८७ मध्ये पुरे झाले. त्याची उंची १०१ मीटर. तालुक्याचे ठाणे जोयड्यास आले आणि उठविलेल्या अनेक कुटुंबांची वस्ती रामनगरास झाली. संगमाकाठी घर, बारमाही पाणी, सुपीक माती: सुपेकरांच्या पूर्वजांनी जागा निवडण्यात कोणतीही चूक केली नव्हती. त्यांनी घरे बांधली तेव्हा धरणाचा नकाशा अस्तित्वात नव्हता, एवढेच. आपली गोष्ट निराळी आहे. दांडेली अभयारण्य आणि अणशी राष्ट्रीय उद्यान मिळून २००७ मध्ये व्याघ्र प्रकल्प झाला आणि २०१५ मध्ये त्याला काळी हे नाव मिळाले. पश्चिम घाटातील पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील गावांचा मसुदा ३१ जुलै २०२४ रोजी केंद्र सरकारने पुन्हा प्रसिद्ध केला. वायनाडची दरड कोसळून तेव्हा एकच दिवस लोटला होता. कर्नाटकाचे २०,६६८ चौरस किलोमीटर क्षेत्र त्यात होते. राज्य सरकारचा या मसुद्याला विरोध असला, आणि साध्या राहत्या घरावर त्याने बंदी घातलेली नसली, तरी गावांची यादी सर्वांसमोर आहे. सुपेकरांना जो नकाशा मिळाला नाही तो आपल्याला मिळतो, आणि आपण तो उघडीत नाही. दोष कोणाचा?

डोंगर आणि नदी जेथे एकत्र दिसतात तेथे दलाल दर चढवितो. त्याच जागी खरीददाराने सावध व्हावयास हवे. १६ जुलै २०२४ रोजी आपल्याच जिल्ह्यात, अंकोला तालुक्यातील शिरूर येथे दरड कोसळली. मागे रस्त्यासाठी कापलेला डोंगर, मध्ये हमरस्ता, पुढे गंगावळी नदी, आणि रस्त्याच्या कडेला चहाचे दुकान. दुकान गेले, माणसे गेली. इतकेच नव्हे, नदीत पडलेल्या मातीने उसळलेली लाट पलीकडच्या तीरावरील उळुवरे गावात शिरली आणि तेथील घरे पडली. दरड आपल्या माथ्यावर नाही म्हणून आपण सुरक्षित आहोत, हा समज त्या दिवशी खोटा ठरला. जुलै २०२१ मध्ये शेजारच्या यल्लापूर तालुक्यातील कळचे गावाने डोंगर खचताना पाहिला. त्याच महिन्यात कद्रा धरणातून सोडलेले पाणी काळीच्या खालच्या अंगाच्या गावांत शिरले. जोयड्याचा डोंगर याच सह्याद्रीचा आणि जोयड्याची नदी हीच काळी आहे. उदक आपली वाट विसरत नाही. ज्याने सपाट ओट्यासाठी उतार कापला आणि ओहोळ बुजविला, त्याच्या अंगणात ते एखाद्या आषाढात परत येईल.

म्हणून आमचे म्हणणे असे की, मार्गशीर्षात पाहिलेली जागा आषाढात पाहिल्यावाचून घेऊ नये. भर पावसात तेथे एक रात्र काढावी. रस्ता कितीदा बंद पडतो, वीज किती दिवस जाते, आजारी माणसाला मोठ्या दवाखान्यात न्यावयास किती तास लागतात, हे तेथेच कळते. उतारावरची झाडे बुंध्यापाशी वाकलेली आहेत काय, जमिनीला भेगा आहेत काय, जेथे झरा नव्हता तेथे नवे पाणी फुटले आहे काय, हे पाहावे. नंतर वैशाखात जाऊन विहिरीत डोकवावे. गवे कोणत्या वाटेने उतरतात ते विचारावे. रानातली माकडे एकाएकी मरू लागली होती काय, हेही विचारावे. १९५७ मध्ये शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूरच्या रानात सापडलेला माकडताप पुढे गोव्यातील सत्तरीपर्यंत पोहोचला आहे.

कागदांचीही हीच कथा. २०२० मध्ये कर्नाटकाने जमीन सुधारणा कायदा बदलला आणि शेतकरी नसलेल्यांनाही शेतजमीन घेण्याची वाट मोकळी केली. दार उघडले म्हणजे आतला प्रत्येक तुकडा विकाऊ झाला असे नव्हे. उत्तर कन्नडात बागायतीला पालापाचोळा मिळावा म्हणून जोडून दिलेली बेट्टा जमीन असते. तिच्यावर बागायतदाराला पाल्याचा हक्क आहे, मालकी नाही. दलाल मात्र हात पसरून तीही आपल्या तुकड्यात दाखवितो. पहाणीचा उतारा, मोजणीचा नकाशा आणि वनखात्याची हद्द या तिन्हींचा मेळ बसल्यावाचून विसाराचा एक रुपयाही देऊ नये.

आता शेजाराविषयी. व्याघ्र प्रकल्पातील कुटुंबांनी स्वेच्छेने बाहेर पडावे म्हणून सरकारने प्रतिकुटुंब १० लाखांची योजना आखली आणि २०२१ मध्ये ती रक्कम १५ लाख केली. पिढ्यानपिढ्या रानात कंद पिकविणाऱ्या कुणब्याला रानाबाहेर काढावयाचे, आणि त्याच रानाच्या कडेला शहरी माणसाने ‘निसर्गाच्या कुशीत’ म्हणून बंगला उठवावयाचा, हा व्यवहार आम्हांला शोभत नाही. ज्या वाडीचे वर्ष एका झऱ्यावर निभते, तिच्या वरच्या अंगाला आपण खोल बोअर मारला आणि झरा आटला, तर त्या वाडीने आपल्याला कोणत्या नात्याने हाक मारावी?

यावर उत्तर मिळते की, गावकरी आपण होऊन विकतात, त्यांनाही पैसा हवा असतो. हे खरे आहे, आणि त्यांना विकू नका असे सांगण्याचा अधिकार आम्हांला नाही. पण त्यांच्या गरजेने आमची जबाबदारी संपत नाही. दुसरे म्हणतात, इतकी चौकशी करीत बसले तर कोणाचेच घर होणार नाही. आम्ही म्हणतो, मुलीला स्थळ पाहताना सात पिढ्या विचारणाऱ्या समाजाने आयुष्याची पुंजी गुंतविताना दोन ऋतू थांबणे जड वाटून घेऊ नये. चौकशीअंती जागा चांगली ठरली तर आनंदाने घ्यावी. जोयड्यात राहण्याजोग्या जागा नाहीत असे आमचे मुळीच म्हणणे नाही.

आमच्या देवस्थानांच्या समित्यांना आमची एक सूचना आहे. नव्या घराचा नारळ ठेवावयास यजमान येतो तेव्हा त्याला प्रेमाने तीन प्रश्न विचारावेत. गावच्या सर्वांत वृद्ध माणसाशी बोललात काय? पाऊस आणि उन्हाळा दोन्ही तेथे पाहिलेत काय? तुमच्या घराने कोणाचे पाणी किंवा वाट अडते काय? उत्तरे समाधानकारक नसतील तर मुहूर्त पुढे ढकलावा. ग्रामदेवता त्या गावाची आहे. तिच्या हद्दीत राहावयास जाणाऱ्याने आधी तिच्या लेकरांना विचारावे आणि मगच तिच्यापुढे नारळ ठेवावा.