सेटलमेंट म्हणजे सुटका नव्हे!

तीन वर्षांपूर्वी क्रेडिट कार्डाची ५० हजारांची थकबाकी ३० हजारांत 'सेटल' केली आणि खुशीत मित्रांना पार्टी दिली. गेल्या वर्षी होमलोन नाकारलं गेलं, तेव्हा कळलं, सिबिल रिपोर्टवर 'सेटल्ड' हा शिक्का तसाच होता. म्हणजे काय, तर यानं पूर्ण पैसे फेडलेच नाहीत! मग उरलेले २० हजार भरले, नो ड्यूज सर्टिफिकेट घेतलं, नोंद 'क्लोज्ड' करवून घेतली. आता एफडीवर मिळालेलं छोटं कार्ड वापरतोय. बिल पूर्ण, तेही वेळेवर. 'मिनिमम ड्यू'चा मोह नाही. ३०० ते ९००च्या या खेळात शॉर्टकट नसतो, बॉस! रिपोर्ट वर्षातून एकदा फुकट मिळतो. लग्नाआधी पत्रिका बघता ना? मग लोनआधी हीही बघा!