चंचल मूल आणि टॉनिकची बाटली



वर्षावासातल्या एका रविवारी विहारातले ग्रंथवाचन आटोपले आणि कामशेतकडची एक भगिनी मागे थांबली. ती लोणावळ्याला चिक्कीच्या पॅकिंगच्या कामाला जाते. पिशवीतून एक बाटली काढून म्हणाली, “दादा, एवढं वाचून सांगा. पोरगं ह्यानं ठिकाणावर येईल का?”

मुलगा नऊ वर्षांचा, चौथीत. वर्गात पाच मिनिटे एका जागी बसत नाही. पेन्सिल रोज हरवतो, प्रश्न पुरा होण्याआधी उत्तर देतो, दुसऱ्याच्या डब्यात हात घालतो. शाळेने सांगून टाकले की दाखला काढून न्या. कोणीतरी तिच्या कानावर ‘एडीएचडी’ हा शब्द घातला आणि दुकानदाराने एकाग्रतेचे टॉनिक म्हणून ही बाटली दिली. किंमत ४८० रुपये, पुरते वीस दिवस.

मी बी.कॉम. झालेला कारकून. औषधातले मला कळत नाही, पण हिशेब कळतो. वर्षाचे झाले ८,७६० रुपये. सात रुपयांचे अंडे धरले तर साडेबाराशे अंडी! ताई, तुमच्या घरात तेवढी अंडी वर्षभरात येतात का, असे विचारले तर ती नुसती हसली.

बाटलीवर जीवनसत्त्वे, जस्त, माशाच्या तेलातले ओमेगा-३ अशी यादी होती, आणि खाली बारीक इंग्रजी अक्षरात ‘औषधी उपयोगासाठी नाही’ असे छापले होते. अशा पूरक आहारावर ही ओळ छापावीच लागते. म्हणजे दुकानदार तोंडाने सांगतो त्याच्या उलट डब्यावर लिहिलेले असते. देवऋषीच्या अंगाऱ्याला आपल्या आईवडिलांनी १९५६ साली सोडचिठ्ठी दिली. तोच अंगारा बाटलीत भरून आला तर आपण पैसे मोजून घेणार काय?

मग ओळखीच्या डॉक्टरांना विचारले, काही वाचलेही. एडीएचडी म्हणजे लक्ष न टिकणे आणि अतिचंचलपणा. हा मेंदूच्या वाढीतला फरक आहे. आईचे वळण कमी पडले म्हणून तो होत नाही आणि जीवनसत्त्वाने तो जात नाही. ओमेगा-३ वर झालेले अनेक प्रयोग २०२३ साली एकत्र तपासले गेले, तेव्हा फायदा झाल्याचा भक्कम पुरावा फारसा निघाला नाही. जीवनसत्त्वांचे भारी डोस मुलांना देऊन पाहिल्याचा एक अभ्यास १९८४ साली प्रसिद्ध झाला. त्यात वागणे सुधारले नाही, उलट काही मुलांच्या यकृताच्या तपासण्या बिघडल्या. अ आणि ड जीवनसत्त्व जास्त झाले तर ते शरीरात साठते, लघवीवाटे निघून जात नाही. ‘टॉनिकच तर आहे, नुकसान काय’ हे म्हणणे म्हणून खरे नव्हे.

गोडाचेही तसेच. चिक्की खाऊन पोरगा उधळतो, असे तिला शेजारणीने सांगितले होते. साखरेवरचे प्रयोग १९९५ साली एकत्र तपासले गेले, त्यात साखरेने मुले चंचल होतात असे दिसले नाही. दात किडतात ते वेगळे.

मात्र एक गोष्ट आपल्या वस्त्यांनी मनावर घ्यावी अशी आहे. कमतरता असेल तर ती भरून काढलीच पाहिजे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या शंभरातल्या सुमारे ६९ बालकांना रक्तक्षय निघाला. रक्त कमी असलेले मूल चिडचिड करते, थकते, त्याचे चित्त लागत नाही. आधी हिमोग्लोबिन तपासावे. सरकारी दवाखान्यात ते होते. पाच ते नऊ वर्षांच्या मुलांसाठी आठवड्याला एक गुलाबी लोहाची गोळी आणि दहा वर्षांपुढे निळी, ही सरकारी योजनाच आहे. जंताची गोळीही शाळेत मिळते. ती ‘पोटात दुखतं’ म्हणून फेकू देऊ नये. लोहाच्या गोळीबरोबर चहा नको, चहाने लोह अंगी लागत नाही. आपल्याकडे मूल उठले की हातात चहा-खारी! त्याऐवजी गोळीनंतर लिंबू किंवा आवळा द्यावा. गोळ्यांनी शी काळी होते, त्याला घाबरू नये. पण गोळ्यांचा डबा लहानग्यांच्या हाती लागू देऊ नये, जास्त गोळ्या पोटात गेल्या तर जिवावर बेतते.

डोळे आणि कान तपासावेत, झोप किती होते तेही पाहावे. दहा बाय दहाच्या खोलीत रात्री बारापर्यंत टीव्ही चालू असेल तर सकाळी वर्गात कोणाचे लक्ष लागेल?

इतके करूनही घरी आणि शाळेत, दोन्हीकडे, सहा महिन्यांहून जास्त काळ तीच तऱ्हा असेल, तर मात्र तज्ज्ञच हवा. आईवडिलांना शिकवण, वर्गात पुढच्या बाकावर जागा, कामाचे लहान तुकडे, आणि गरज पडली तर डॉक्टरांनी लिहून दिलेले औषध, हा त्याचा मार्ग. मुली या बाबतीत फार मागे राहतात. त्या उधळत नाहीत, खिडकीबाहेर बघत बसतात आणि ‘मंद’ ठरतात. ‘टेलिमानस’च्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतून बोलता येते.

दाखल्याची गोष्ट राहिली. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १६ प्रमाणे आठवी पुरी होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही, आणि कलम १७ प्रमाणे मारझोड व मानसिक छळाला बंदी आहे. ही दोन कलमे अर्जात लिहून आम्ही शाळेत दिली, पोच घेतली. त्यानंतर दाखल्याचा विषय निघालेला नाही.

मुलाचे हिमोग्लोबिन ९.२ निघाले. डॉक्टरांनी तीन महिने लोहाचे औषध दिले. आता तो थकत नाही, जेवतो, सकाळी उठताना रडत नाही. पण वर्गात बसत मात्र अजूनही नाही. बाटली तिने परत केली, दुकानदाराने पैसे दिले नाहीत.

येत्या मंगळवारी सकाळच्या लोकलने आम्ही त्याला ससूनला नेणार आहोत. पुणे स्टेशनवर उतरून पायी जाता येते. आणखी कोणाला मूल दाखवायचे असेल तर रविवारी विहारात सांगावे, एकत्र जाऊ.