पेटाफ्लॉप्सचा गजर आणि वाकलेली नळी

२६ सप्टेंबर २०२४ रोजी पुणे, दिल्ली आणि कोलकाता येथील तीन ‘परम रुद्र’ महासंगणक राष्ट्राला अर्पण झाले. खर्च सुमारे १३० कोटी रुपये. वेगाच्या आकड्यांचे कौतुक झाले, ते योग्यच. मात्र या यंत्रांच्या पोटात जे गणित घातले जाते त्याची पारख कोण करतो, हा प्रश्न मथळ्यांत सहसा येत नाही.

उदाहरण क्षुल्लक वाटेल असेच घ्यावे : काटकोनात वाकलेली नळी. अणुभट्टीपासून रक्तवाहिनीपर्यंत वाकलेल्या नळ्या सर्वत्र आहेत. वळणावर मधला वेगवान प्रवाह बाहेरच्या भिंतीकडे फेकला जातो, भिंतीलगत आत परततो आणि भोवऱ्यांची जोडी तयार होते. डब्ल्यू. आर. डीन यांनी १९२७ मध्ये याचे गणित मांडले. हे भोवरे टिपायचे, तर मेश भिंतीलगत दाट आणि प्रवाहाच्या दिशेला धरून हवी.

‘जीमेश’सारख्या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये त्याची रीत सरळ आहे. वर्तुळाकार छेदाचे मध्यभागी चौरस आणि भोवती चार पाकळ्या असे भाग पाडावेत. सरळ भागासाठी तो छेद पुढे सरकवावा आणि वळणासाठी छेदाच्याच प्रतलातील अक्षाभोवती फिरवावा. हेच एक्सट्रूजन. थरांची संख्या मात्र माणसाने ठरवायची असते, आणि घात तिथेच होतो.

समजा, वळणाची त्रिज्या १०० मिमी आणि नळीचा व्यास २० मिमी आहे. सरळ कडांचे घटक घेऊन ९० अंशांना चारच थर दिले, तर कंसाच्या जागी चार सरळ तुकडे येतात आणि मध्यरेषा जागोजागी १.९ मिमी आत सरकते. म्हणजे व्यासाचा जवळजवळ दहावा भाग! तीस थर दिले, तर हीच चूक ०.०३ मिमी उरते. चुकीच्या नळीवर महासंगणक चालवला, तर चुकीचे उत्तर अधिक वेगाने मिळते, इतकेच.

‘स्वयंचलित मेश असताना हा खटाटोप कशाला?’ असा प्रतिवाद होतो. गुंतागुंतीच्या आकारांना तिची गरज आहे, हे मान्य. पण ती आकार भरते. त्यातली भौतिकी तिला ठाऊक नसते. ओबडधोबड चतुष्फलकांमुळे होणारे संख्यात्मक विसरण भोवरे पुसट करते, आणि पडद्यावरचे रंगीत चित्र तरीही देखणेच दिसते. नळीसारख्या सोप्या आकारात त्या चित्रावर विसंबणे हा निव्वळ आळस आहे.

म्हणून प्रत्येक प्रबंधात किमान तीन वेगवेगळ्या दाटीच्या मेशवर तपासलेले उत्तर मागितले जावे आणि ते नसेल, तर परीक्षकांनी प्रबंध परत पाठवावा. यासाठी एकही नवा महासंगणक लागत नाही.