काचेतल्या समुद्राचा जमाखर्च

चाळ सोडून फ्लॅटमध्ये राहायला गेलेल्या कुटुंबांत हल्ली एक नवी हौस दिसते. हॉलमध्ये सहा फुटी काचेची टाकी, तिच्यात खारे पाणी, वर निळसर दिवा, केशरी-पांढरे मासे आणि पाण्याबरोबर डोलणारी प्रवाळे. हौस वाईट नाही. शाळकरी मुलांना अशा टाकीसमोर बसवले तर जीवशास्त्राचे बरेचसे धडे तिथेच वाचून होतात. पण या टाकीबद्दल आपल्याला माहिती देणारे भेटतात ते दोनच. एक दुकानदार, त्याच्या मते सगळे सोपे असते. दुसरा वास्तुवाला. तो टाकी कोणत्या दिशेला ठेवायची, सोनेरी मासे किती आणि काळा किती, हे सांगतो आणि वर हेही सांगतो की टाकीतला मासा मेला तर घरावरचे संकट त्याने आपल्या अंगावर घेतले.

ही दुसरी गोष्ट शिकल्या-सवरल्या घरांतूनही ऐकू येते, म्हणून आधी तिचाच निकाल लावू. नव्या टाकीतला मासा बहुधा अमोनियाने मेलेला असतो. मासे कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतात, उरलेले खाणे कुजते त्यातूनही तो तयार होतो. समुद्राच्या पाण्याचा सामू ८.२ च्या आसपास असतो आणि अशा पाण्यात अमोनियाचा विषारी भाग गोड्या पाण्यापेक्षा जास्त राहतो. दगडांवर आणि वाळूत विशिष्ट जिवाणू वाढले की ते अमोनियाचे नायट्राइट आणि नायट्राइटचे नायट्रेट करतात. हे जिवाणू पुरेसे वाढायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. तेवढे दिवस टाकीत मासा घालायचा नाही. अमोनिया आणि नायट्राइट तपासायचे किट मिळते, त्यात दोन्ही शून्य दिसेपर्यंत थांबायचे. दुकानदार पहिल्याच दिवशी मासे देतो, आठवड्याने ते मरतात, घरातले म्हणतात संकट टळले, आणि दुकानदाराचे दुसऱ्यांदा गिऱ्हाईक होते. संकट टळले ते फक्त त्याच्या गल्ल्यावरचे!

आता टाकी घ्यायचीच असेल तर वही-पेन घेऊन बसा. सहा फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच टाकीत काठोकाठ ६८० लिटर पाणी मावते. दगड, वाळू आणि वरची मोकळी जागा सोडली तर सुमारे ६०० लिटर धरा. खारे पाणी गोड्यापेक्षा जड, म्हणजे ते ६१५ किलो. बारा मिलिमीटर जाडीची काच १२० किलोच्या पुढे, दगड-वाळू दीडशे, खालचे स्टँड ऐंशी. बेरीज साडेनऊशे किलोच्या वर जाते. एका बाकड्याएवढ्या जागेत पंधरा माणसे रात्रंदिवस उभी राहिल्यासारखे हे झाले. राहत्या घराच्या जमिनीवर दर चौरस मीटरला साधारण २०० किलो वापरभार धरून इमारतीचा हिशेब केलेला असतो. इथे तेवढ्याच जागेत त्याच्या चौपट वजन बसते. म्हणून टाकी खोलीच्या मधोमध नको. बीमच्या वर, भिंतीला लागून आणि तीही स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारून. लाकडी तुळयांच्या जुन्या चाळीत, वरच्या मजल्यावर तर हा विचारच सोडा. खाली दुसऱ्याचे लेकरू झोपलेले असते.

पाण्याचा हिशेब त्याहून मोठा आहे. समुद्राच्या पाण्यात लिटरला ३५ ग्रॅम क्षार असतात. ६०० लिटरला २१ किलो. स्वयंपाकाचे मीठ चालत नाही, कारण समुद्राच्या पाण्यात नुसते मीठ नसते. मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम, सल्फेट हे सगळे ठरावीक प्रमाणात असते. त्यासाठी तयार मिश्रण विकत घ्यावे लागते. दर आठवड्याला दहावा हिस्सा, म्हणजे ६० लिटर पाणी बदलायचे तर वर्षाला १०९ किलो मिश्रण लागेल. हा आकडा दुकानात कुणी सांगत नाही. मुंबईच्या किनाऱ्यावरून कॅनने पाणी आणावे म्हणाल तर त्यात सांडपाणी आणि गाळ किती असतो हे आपण रोज पाहतोच.

नळाच्या पाण्यात क्लोरीन असते, बोअरच्या पाण्यात नायट्रेट आणि इतर क्षार. म्हणून मिश्रण आरओच्या पाण्यात कालवायचे. घरगुती आरओ एक लिटर शुद्ध पाण्यामागे सुमारे तीन लिटर पाणी बाहेर टाकतो. पाणीबदलाचे ६० आणि उडून जाणाऱ्या पाण्याच्या भरपाईचे ४० असे आठवड्याला शंभर लिटर शुद्ध पाणी लागले, तर तीनशे लिटर मोरीत. ज्या वस्तीत सकाळी दीड तास पाणी येते तिथे हे शोभत नाही. ते तीनशे लिटर पिंपात धरून कपडे, फरशी, संडास यांना वापरायची सोय ज्याच्याकडे असेल त्यानेच मोठ्या टाकीला हात घालावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

या उडून जाणाऱ्या पाण्याबद्दल एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. वाफ होते ती पाण्याची, मीठ टाकीतच राहते. रोज सहा लिटर उडाले आणि दहा दिवस कुणी पाहिले नाही तर ६०० चे ५४० लिटर होतात आणि क्षार ३५ वरून जवळजवळ ३९ वर जातात. प्रवाळांना एवढे सोसत नाही. म्हणून भरपाई नेहमी बिनमिठाच्या शुद्ध पाण्याने, रोजच्या रोज. गावाला जाणारे लोक शेजाऱ्याकडे किल्ली देतात तेव्हा माशांचे खाणे दाखवून जातात; पाणी किती आणि कोणते ओतायचे ते सांगत नाहीत. टाकीच्या काचेवर पाण्याच्या पातळीची खूण करा आणि भरपाईच्या कॅनवर मोठ्या अक्षरांत ‘गोडे पाणी’ असे लिहा. क्षार मोजायला रिफ्रॅक्टोमीटर घ्या, तरंगत्या काट्यावर फार विसंबू नका.

टाकीच्या यंत्रांपैकी स्किमर आपल्या लोकांना समजायला सोपा आहे. गुऱ्हाळात उसाचा रस उकळताना वर मळी येते आणि गुळव्या ती काढत राहतो. स्किमरमध्ये उकळी नसते, बारीक बुडबुडे असतात. पाण्यात विरघळलेली घाण त्या बुडबुड्यांना चिकटून फेसाबरोबर वरच्या भांड्यात जमते आणि ती कुजून अमोनिया होण्याआधीच बाहेर पडते. ते काळपट, वासाचे पाणी दोन दिवसांनी फेकायचे, भांडे धुवायचे. जर्मनीतील बर्लिनच्या हौशी लोकांनी स्किमर, छिद्रांचे दगड आणि भरपूर उजेड या तिन्हींची सांगड घातली, म्हणून तिला बर्लिन पद्धत म्हणतात. त्याही आधी १९६१ साली जकार्ताच्या ली चिन एंग यांनी समुद्रातले जिवंत दगड, हवेचे बुडबुडे आणि उजेड एवढ्यावर प्रवाळे जगवल्याचे लिहिले होते. खरी गाळणी दगडच आहे, हे त्या माणसाने दाखवले.

दुसरी ओळखीची वस्तू म्हणजे चुन्याची निवळी. दगडी प्रवाळ आपला सांगाडा पाण्यातल्या कॅल्शियम आणि कार्बोनेटपासून बांधतात, त्यामुळे पाण्यातला हा माल रोज कमी होतो. जर्मन भाषेतील लेखक पीटर विल्केन्स यांनी १९७० च्या दशकात त्यावर चुन्याच्या निवळीचा उपाय रूढ केला. लिटरभर शुद्ध पाण्यात दीड ग्रॅमच्या आसपास चुना विरघळतो; वरचे नितळ पाणी थेंबथेंब, तेही रात्री सोडायचे. एकदम ओतले तर सामू चढून मासे जातात. अर्थात पानवाल्याचा चुना नव्हे, शुद्ध प्रतीचा.

आपल्या हवेत खरी अडचण उष्णतेची. प्रवाळांच्या शरीरात एकपेशीय शैवाल राहतात, ते उजेडावर अन्न तयार करतात आणि प्रवाळाला पोसतात. पाणी जास्त दिवस तापले की प्रवाळ हे शैवाल बाहेर टाकतो आणि पांढरा पडतो. लक्षद्वीपच्या समुद्रात १९९८, २०१०, २०१६ आणि पुन्हा २०२४ मध्ये हेच घडले. टाकीत २५-२६ अंश ठेवायचे आणि मे महिन्यात खोली असते ३३-३४ अंश. पंख्याचा झोत पाण्यावर सोडला तर दोन-तीन अंश उतरतात, पण मुंबईच्या दमट हवेत तेवढेही उतरत नाहीत. नागपूरला हवा कोरडी असल्याने वाफ भरपूर होते, तर मुळात हवाच ४५ अंशांवर. शेवटी चिलर घ्यावा लागतो. दोनशे वॅटचे दिवे नऊ तास, शंभर वॅटचे पंप चोवीस तास आणि साडेतीनशे वॅटचा चिलर अकरा तास चालला तर रोजचे आठ युनिट, महिन्याचे २४०. घरच्या बिलात हे मिळवले की दर वरच्या टप्प्यात जातो. वीज गेली तर निदान एक पंप आणि हवेचा पंप इन्व्हर्टरवर चालला पाहिजे, नाही तर पाण्यातला प्राणवायू काही तासांत घटतो. खारे पाणी आणि विजेची बटणे जवळजवळ असल्याने ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवल्याशिवाय टाकीत हात घालायचा नाही.

आता कायद्याचे. २००१ साली सर्व दगडी प्रवाळ, काळे प्रवाळ, अग्निप्रवाळ, ऑर्गन पाइप प्रवाळ आणि समुद्रपंखे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घातले गेले. वाघ ज्या यादीत आहे ती ही यादी. समुद्रघोडेही तिच्यात आहेत. हे समुद्रातून काढणे, विकणे, विकत घेणे गुन्हा आहे. शिक्षा तीन ते सात वर्षे, आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर दंड किमान पंचवीस हजार रुपये. कोस्टल रोडच्या कामात २०२० मध्ये वरळी-हाजीअलीच्या प्रवाळ वसाहती बाजूला हलवायच्या होत्या, तर खुद्द मुंबई महापालिकेला वन विभागाची परवानगी घ्यावी लागली. त्यामुळे मालवणहून सुट्टीत तुकडा आणला, मित्राने ‘जिवंत दगड’ दिला, असले प्रकार नकोत. कृत्रिम सिमेंटचे किंवा चिनी मातीचे छिद्रांचे दगड मिळतात, जिवाणू त्यांवरही तितकेच बसतात.

मासे घेताना ते पैदास केलेले आहेत का, ते विचारा. फिलिपाइन्समध्ये १९६० च्या दशकापासून सायनाइड फवारून शोभेचे मासे पकडले गेले. असा मासा दुकानात दिसतो छान आणि पुढे बरेचदा मरतो. मुले ज्याला निमो म्हणतात त्या क्लाऊनफिशची पैदास आपल्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने केली आहे आणि लक्षद्वीपच्या अगत्ती बेटावर स्त्रियांचे गट शोभेचे सागरी जीव वाढवतात. एक जोडी क्लाऊनफिश, दोन-चार लहान मासे आणि कृत्रिम दगड एवढ्यावर सहा फुटी टाकी सुरेख दिसते. त्याखेरीज मऊ प्रवाळ कुणी देऊ केले तर नाव लिहिलेले पक्के बिल घ्या, बिल नसेल तर घेऊ नका.

आणखी एका वर्गासाठी चार शब्द. डॉक्टरांचे दवाखाने, हॉटेले, बिल्डरांची ऑफिसे येथील टाक्या स्वतः मालक धूत नाहीत. महात्मा फुले मंडईतल्या (लोक अजून क्रॉफर्ड मार्केटच म्हणतात) किंवा कुर्ल्याच्या दुकानांतून माल घेऊन मोटरसायकलवर फिरणारी आपली मुले ते काम करतात. काम कसबाचे आहे, दहावीच्या रसायनशास्त्रावर उभे आहे आणि त्याला मजुरी धुण्याभांड्याची मिळते. मुलांनो, प्रत्येक टाकीची वही ठेवा: तारीख, तापमान, क्षार, नायट्रेट, किती पाणी बदलले. मालकाची सही घ्या. टाकी बिघडली की बोट तुमच्याकडे येते, तेव्हा ही वही कामाला येते, आणि दर वाढवून मागतानाही तीच पुढे करता येते. मालकाने ‘एखादा प्रवाळ बघ रे कुठून’ म्हटले तर सरळ नाही म्हणा. पिशवी ज्याच्या हातात, पहिली अटक त्याला.

आणि हातमोजे व चष्मा मालकाकडून मागून घ्या. दगडांवर बटणासारखे दिसणारे पॅलिथोआ नावाचे जीव असतात, त्यांपैकी काहींत पॅलिटॉक्सिन हे अतिशय जहाल विष असते. ते जखमेतून, डोळ्यांतून किंवा वाफेतून अंगात जाते. परदेशात असे दगड उकळून किंवा घासून साफ करताना घरेच्या घरे इस्पितळात दाखल झाली आहेत. टाकीतला दगड कधीही उकळत्या पाण्यात टाकू नका, कोरडा घासू नका.

ज्यांच्या घरात सहा फुटी टाकीला जागा नाही, आणि ती आपल्यापैकी बहुतेकांकडे नाही, त्यांच्या मुलांनी हे जीव कुठे पाहावे? १९५१ साली मरीन ड्राइव्हला सुरू झालेले तारापोरवाला मत्स्यालय दुरुस्त होऊन २०१५ मध्ये पुन्हा उघडले होते, पण २०२० च्या टाळेबंदीत ते बंद झाले. तरी मुंबईकरांना हाजीअली आणि वांद्र्याचे खडक आहेत. मोठ्या ओहोटीला तिथल्या डबक्यांत समुद्रफुले दिसतात, आणि हाजीअलीला तर प्रवाळही आहेत. वर्तमानपत्रात भरती-ओहोटीची वेळ पाहून ओहोटीच्या तासभर आधी पोहोचा, पायात न घसरणारे बूट घाला, काही उचलू नका, आणि पाणी परतू लागले की मुलांना घेऊन लगेच वर या.