ऑफिसातला एसी गुरगुरतोय? रिमोट सोडा, पास्कल बघा

जून २०२५ मध्ये केंद्रीय ऊर्जामंत्री मनोहरलाल खट्टर यांनी जाहीर केलं की एसीचं तापमान २० अंशांच्या खाली आणि २८ च्या वर जाणार नाही, असा नियम आणायचा विचार आहे. घर असो, हॉटेल असो की गाडी. मग काय, दोन दिवस मीम्सचा पाऊस. 'माझं बिल, माझा एसी, मी १६ वर झोपीन' वाले एका बाजूला आणि 'देशासाठी एवढं तरी करा' वाले दुसऱ्या बाजूला. त्याआधी १ जानेवारी २०२० पासून स्टार लेबलवाले घरगुती एसी २४ अंशांच्या डिफॉल्टवर यायला लागले होते, त्याच रस्त्यावरचं हे पुढचं पाऊल.

माझा या नियमाला विरोध नाही. पण सगळी चर्चा रिमोटभोवती फिरते आणि आपल्यातले कितीतरी जण दिवसाचे नऊ-दहा तास जिथे बसतात, त्या मोठ्या ऑफिसात रिमोटच नसतो. तिथे फॉल्स सीलिंगच्या वर पत्र्याचे डक्ट असतात, कुठल्यातरी बंद खोलीत मोठा पंखा असतो, आणि एक आकडा असतो जो कोणी बघत नाही. तो अंशांत नसतो, पास्कलमध्ये असतो. पास्कल म्हणजे दाबाचं एकक. तुमच्या कॉलमधला 'घुंऽऽ' आवाज आणि बिल्डिंगचं वीजबिल, दोन्हीचा धागा याच आकड्यापर्यंत जातो.

मला हे कळलं ते एका फसलेल्या शूटमुळे. पुण्यात एका को-वर्किंगची मीटिंग रूम आम्ही व्हिडिओसाठी तासावर घेतली होती. लाइट छान, भिंत छान, आणि एडिट करताना कानात हेडफोन घातला तर माझ्या आवाजामागे सतत ट्रक उभा असल्यासारखी घरघर. ती काढली तर माझा आवाज डब्यातून आल्यासारखा. पूर्ण शूट वाया. मी तक्रार करायला खाली गेलो आणि तिथे बीएमएस बघणारे दादा भेटले. बीएमएस म्हणजे पूर्ण बिल्डिंगचा एसी, पंखे, पंप एका स्क्रीनवरून चालवणारी सिस्टिम. माणूस वैतागलेला नव्हता, उलट कोणीतरी विचारलं याचाच त्यांना आनंद झाला.

त्यांनी आमच्या मजल्याचं एएचयू उघडून दाखवलं. एएचयू म्हणजे एअर हँडलिंग युनिट, थंड पाण्याच्या कॉइलवरून हवा ओढून डक्टमध्ये ढकलणारी पेटी. डक्टमध्ये एक सेन्सर बसवलेला असतो, तो आतला स्टॅटिक प्रेशर मोजतो, म्हणजे हवा पत्र्यावर आतून किती दाब देतेय ते. ठरवलेला दाब टिकवण्यासाठी पंख्याचा वेग कमी-जास्त होतो, ते काम व्हीएफडी नावाचा ड्राइव्ह करतो. स्क्रीनवर ठरवलेला दाब होता ३७५ पास्कल. पंखा ४६ हर्ट्झवर, वीज ११ किलोवॅट.

त्याच्या खाली व्हीएव्ही बॉक्सची यादी होती. प्रत्येक खोलीच्या वाटेवर असा एक बॉक्स असतो, त्यात एक झडप. खोली गार झाली की झडप मिटते, तापली की उघडते. यादीतल्या जवळजवळ सगळ्या झडपा ३०-३५ टक्क्यांवर होत्या. आमच्या मीटिंग रूमची २८ वर.

शेतात मोटर फुल चालू आहे आणि पुढे वॉल्व्ह पाऊणभर बंद करून ठेवलाय, हे चित्र डोळ्यासमोर आणा. पाणी हवं तेवढंच मिळतंय, पण मोटर मरमर करतेय आणि वॉल्व्हपाशी सुसाट आवाज. अगदी तेच. पंखा ताकद लावून हवा कोंबतोय आणि प्रत्येक झडप ती अडवतेय. त्या फटीतून निघणारी हवा म्हणजे माझ्या व्हिडिओतली घरघर.

मी विचारलं, मग दाब कमी का नाही करत? दादा म्हणाले, "हँडओव्हरपासून असाच आहे, कोणी हात लावला नाही." तरी त्यांनी माझ्यासमोर हळूहळू उतरवला. ३७५, ३००, २५०, शेवटी २००. झडपा आपोआप उघडत गेल्या, बहुतेक ५०-६० टक्क्यांवर आल्या. पंखा ४२ हर्ट्झवर, वीज ८.९ किलोवॅट. वर जाऊन मी फोनवर मोजलं तर आधीचे ४८ डेसिबल आता ४४ दाखवत होते. खोली तेवढीच गार.

हिशोब करून बघा. २.१ किलोवॅट वाचले, दिवसाला ११ तास, महिन्याला २५ दिवस, म्हणजे ५७७ युनिट. युनिटला १० रुपये धरले तरी एका एएचयूमागे महिन्याला पावणेसहा हजार. त्या बिल्डिंगमध्ये असे बारा आहेत. सगळीकडे एवढाच फरक पडेल असं नाही, पण एकही पार्ट न बदलता, फक्त एक आकडा टाइप करून एवढं.

गोष्ट इथे संपली असती तर मी 'जादुई ट्रिक' अशी रील टाकून मोकळा झालो असतो. दुसऱ्या दिवशी दादांचा फोन आला. कोपऱ्यातल्या एका केबिनमध्ये गरम होतंय, तक्रार आलीय, दाब परत वाढवावा लागणार. त्या केबिनची झडप शंभर टक्के उघडी होती आणि तरी हवा पोचत नव्हती. मी म्हटलं, आधी वर बघूया तरी. शिडी लावून सीलिंगची टाइल उचलली, तर शेवटचा फ्लेक्सिबल पाइप केबल ट्रेखाली अक्षरशः चपटा झाला होता. कधीतरी नेटवर्कवाल्यांनी केबल टाकताना दाबला असणार. म्हणजे त्या एका चपट्या पाइपातून हवा जावी म्हणून सगळ्या मजल्याला ३७५ पास्कल दिले जात होते! हा माझा अंदाज आहे, लेखी नोंद कुठेच नव्हती. पण पाइप सरळ केल्यावर केबिन २०० पास्कलवर गार झाली.

हे एकट्या त्या बिल्डिंगचं दुखणं नाही. एका अडलेल्या खोलीची किंमत सगळ्यांनी मोजायची, हा प्रकार या क्षेत्रात इतका नेहमीचा आहे की अमेरिकेतल्या एसी इंजिनिअरांच्या संस्थेनं, म्हणजे अ‍ॅश्रेनं, २०१८ मध्ये काढलेल्या गाइडलाइन ३६ मध्ये त्यावर सोय ठेवलीय. दर दोन मिनिटांनी सिस्टिम दाब १२ पास्कलने कमी करत जाते. एखादा बॉक्स 'मला पुरत नाही' म्हणाला की थोडा वाढवते. आणि डिफॉल्टला दोन तक्रारी चक्क दुर्लक्षित करते, म्हणजे एका चपट्या पाइपाने सगळ्यांना वेठीला धरू नये. सॉफ्टवेअरच्या दृष्टीने दहा-पंधरा ओळींचं लॉजिक आहे. त्या स्क्रीनवरही 'रिसेट' नावाचं बटण होतं. बंद.

आता डक्टबद्दल, कारण सगळा दोष आकड्याला देऊन चालणार नाही. डक्ट लहान केला की पत्रा कमी लागतो, सीलिंग उंच ठेवता येतं आणि टेंडर स्वस्त होतं. पण डक्टचं क्षेत्रफळ निम्मं केलं की तेवढीच हवा दुप्पट वेगाने पळते. वेग दुप्पट झाला की घर्षणाने जाणारा दाब चौपट होतो आणि हवेचा आवाज १५ डेसिबलच्या आसपास वाढतो. १० डेसिबल वाढ कानाला साधारण दुप्पट वाटते, यावरून समजा. गंमत अशी की पत्र्याचे पैसे बिल्डर वाचवतो आणि वीजबिल पुढची पंधरा-वीस वर्षं भाडेकरू भरतो. मला तरी खरा घोळ इथेच दिसतो. तंत्रज्ञान कधीचंच तयार आहे.

शांत डक्टचे नियम फार गूढ नाहीत. मुख्य डक्टमध्ये वेग जास्त चालतो, पण माणसांच्या डोक्यावर येईपर्यंत तो उतरत गेला पाहिजे. काटकोनी वळणात आत पाती हवीत. हवा अडवणारा डॅम्पर जाळीच्या अगदी मागे बसवला की तो शिट्टी मारणारच, तो मागे, मुख्य डक्टजवळ हवा. पंखा आणि डक्ट यांच्यात कॅनव्हासचा जोड हवा, नाहीतर पंख्याची थरथर पत्र्यातून सगळीकडे जाते. आतून अस्तर लावल्याने 'स्स्स' कमी होतं, पण जाड 'घुंऽऽ' वर पातळ अस्तराचा फारसा उपाय चालत नाही, तो पंख्यापाशीच सोडवावा लागतो. तुमचे नॉइज कॅन्सलिंग इअरबड्स याच्या बरोबर उलट वागतात बरं का. 'घुंऽऽ' ते छान गिळतात, 'स्स्स' तेवढं नाही. म्हणूनच इअरबड्स घालून बसलेल्या ऑफिसात कोणी तक्रार करत नाही.

दाबाचा दुसरा खेळ दारात दिसतो. बिल्डिंगमध्ये जेवढी ताजी हवा आत घेतली जाते, त्यापेक्षा टॉयलेट आणि किचनचे एक्झॉस्ट जास्त ओढत असतील तर आत दाब कमी पडतो आणि बाहेरची हवा फटींतून आत शिरते. पुण्यात मे महिन्यात ती धूळ आणते. मुंबईत किंवा पणजीत जुलैमध्ये दमट हवा आणते, मग गार जाळीवर पाणी साचून टेबलावर थेंब पडतात आणि सगळे म्हणतात एसी लीक होतोय. उलट आत दाब जास्त झाला तर लॉबीचं दार बंदच होत नाही, लिफ्टच्या दारातून शिट्टी येते. २५ पास्कल म्हणजे काही नाही असं वाटतं, पण साध्या एका दारावर त्याचा एकूण जोर पावणेपाच किलोच्या आसपास होतो. हँडलपाशी हाताला त्याच्या निम्मा जाणवतो. म्हणून ऑफिसात हा फरक अगदी थोडा, १० पास्कलच्या आसपास किंवा त्याहून कमी ठेवतात. अनेक ठिकाणी बिल वाचवायला ताज्या हवेचा डॅम्परच बंद करून टाकतात. मग दमटपणा, वास आणि दुपारी तीनला येणारी झोप.

हे तुम्ही स्वतः तपासू शकता. जर्मनीतल्या आखेन विद्यापीठाचं फायफॉक्स हे अ‍ॅप फुकट आहे, त्यात आवाजाचा स्पेक्ट्रम दिसतो. सकाळी एसी सुरू व्हायच्या आधी एकदा आणि नंतर एकदा, त्याच जागी, त्याच फोनने मोजा. फोनचा डेसिबल आकडा तंतोतंत नसतो, फरक मात्र कळतो. अ‍ॅपमध्ये 'डीबीए' दिसत असेल तर लक्षात ठेवा, त्या मापात जाड आवाज कमी मोजला जातो, त्यामुळे कान किटतात आणि आकडा सभ्य दिसतो. आवाज एकसारखा न राहता लाटेसारखा चढ-उतार करत असेल तर पंखा आणि झडपा एकमेकांशी भांडतायत, म्हणजे कंट्रोलची सेटिंग नीट बसलेली नाही.

फोनमध्ये बॅरोमीटर असेल (बऱ्याच स्वस्त फोनमध्ये नसतो) तर आणखी मजा. एक मीटर वर गेलं की हवेचा दाब सुमारे १२ पास्कलने कमी होतो. म्हणजे ३७५ पास्कल हा जवळजवळ दहा मजले चढण्याएवढा फरक. लिफ्टमध्ये बघा, पटेल. दाराचा फरक मात्र फोनवर मोजायला जाऊ नका, फोन हातभर वर-खाली झाला तरी आकडा पाच-सहा पास्कलने हलतो. दाराच्या फटीपाशी टिश्यू पेपर धरा, तो कुठे झुकतो ते बघा. उदबत्ती नको, वर स्मोक डिटेक्टर असतो.

सरकारी पातळीवर बघायचं तर व्यावसायिक इमारतींसाठी ऊर्जा संहिता आहे. २०१७ ची संहिता १०० किलोवॅट किंवा त्याहून जास्त जोडभाराच्या इमारतींना धरून होती, २०२४ मध्ये तिची नवी आवृत्ती आली. पण राज्यांनी ती अधिसूचित करायची असते, आणि संहिता मुख्यतः डिझाइनच्या कागदाशी बोलते. ताबा मिळाल्यानंतर सहा महिन्यांनी केबल ट्रेखाली काय चपटं झालंय, हे ती बघायला येत नाही. २० ते २८ चा नियम मोजायला सोपा आहे म्हणून त्याची बातमी होते. डक्टच्या दाबाचा आकडा दर वर्षी एकदा नोंदवून भाडेकरूला दाखवायचा, एवढा साधा नियम केला तरी मला वाटतं जास्त वीज वाचेल, आणि त्यासाठी कोणाच्या बेडरूममध्ये डोकावावं लागणार नाही.

आम्ही नंतर त्याच मीटिंग रूममध्ये पुन्हा शूट केलं, या वेळी आवाज ठीक आला. दादांनी रिसेट सध्या दोनच मजल्यांवर चालू केलाय. बाकीच्या मजल्यांवर आधी टाइल उचलून पाइप बघणार म्हणाले, आणि फोनवर मोजायचं ते अ‍ॅप माझ्याकडून लिहून घेतलं.