‘रोज चौदा तास अभ्यास’ हे टाइमटेबल आधी भिंतीवरून काढा

‘नीट’ जवळ आली की माझ्या ओपीडीत एक ठरावीक तक्रार वाढते. बारावीची किंवा रिपीटर मुलं, जालना, बीड, परभणीकडून आपल्या शहरात क्लाससाठी आलेली. डोकं दुखतं, ॲसिडिटी होते, वाचलेलं लक्षात राहत नाही. वडील म्हणतात, ‘डॉक्टर, स्मरणशक्तीचं एखादं टॉनिक लिहून द्या.’ मी मुलीला विचारतो, ‘झोपतेस किती?’ ती म्हणते, ‘चार-साडेचार तास.’ वडिलांच्या चेहऱ्यावर त्याचा अभिमान दिसतो.

माझं भांडण या अभिमानाशी आहे.

झोप कापली की काय होतं?

दिवसभर वाचलेलं मेंदूत पक्कं होण्याचं मोठं काम झोपेत चालतं. म्हणजे झोप हा अभ्यासाचाच भाग आहे. अमेरिकेतल्या निद्रातज्ज्ञांच्या संस्थेने 2016 मध्ये 13 ते 18 वयोगटासाठी रोज 8 ते 10 तास झोप सुचवली. त्यातच या वयात झोप आणणारं मेलाटोनिन रात्री उशिरा स्रवू लागतं. त्यामुळे ‘पहाटे चारला उठ, तेव्हा मन ताजं असतं’ हा सल्ला रात्री नऊला झोपणाऱ्यासाठी ठीक आहे. बारापर्यंत जागणाऱ्या मुलासाठी ती निव्वळ झोपेची चोरी आहे.

सलग 17 तास जागं राहिल्यावर माणूस रक्तात 0.05 टक्के अल्कोहोल असल्यासारखा चुकतो, असं 1997 च्या एका प्रसिद्ध अभ्यासात दिसलं. चारला उठलेला मुलगा रात्री नऊनंतर याच अवस्थेत फिजिक्सची गणितं सोडवत असतो. तुम्ही त्याला ‘मेहनत’ म्हणता.

‘पण डॉक्टर, 600 मार्क कसे येणार?’

चला, हिशोबच करू. पेपर 180 प्रश्नांचा, 720 मार्कांचा. बरोबर उत्तराला 4, चुकलं तर वजा 1. समजा, मुलीचे सराव परीक्षेत 130 बरोबर, 40 चूक, 10 सोडलेले. म्हणजे 520 वजा 40, एकूण 480. आता चुकलेल्यांपैकी 24 प्रश्न बरोबर आले, तर प्रत्येकी 5 मार्कांचा फरक पडतो. 120 वाढले, झाले 600.

म्हणजे 480 ते 600 हे अंतर 24 चुकांचं आहे. ‘अजून तीन तास जाग’ म्हटल्याने त्या सापडत नाहीत. त्यासाठी सोडवलेला पेपर पुन्हा उघडावा लागतो. संकल्पना कळली नव्हती, सूत्र विसरलं, की प्रश्न घाईत वाचला? प्रत्येक चुकीपुढे कारण लिहा. शेवटच्या प्रकारच्या चुका तर थकलेल्या मेंदूतूनच जास्त निघतात.

आणि टार्गेट दगडावरची रेघ समजू नका. 2024 च्या पहिल्या निकालात 67 जणांना पैकीच्या पैकी 720 होते. 2025 मध्ये देशात पहिल्या आलेल्याचे 686. पेपर किती अवघड निघेल, हे मुलाच्या हातात नाही. चुका कमी करणं आहे.

मग टाइमटेबल कसं करायचं?

आधी झोप लिहा, 8 तास. क्लास आणि जाणं-येणं 7 तास. जेवण, आंघोळ, चालणं, घरच्यांशी बोलणं 3 तास. उरले 6. त्यातले 3 आज शिकवलेल्यासाठी, 2 पुस्तक मिटून स्वतः प्रश्न सोडवायला, 1 चुकांच्या वहीला.

पुस्तक मिटूनच का? 2006 मधल्या एका प्रयोगात काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला, काहींनी वाचून आठवून लिहिला. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते, आठवड्याने मात्र आठवून लिहिणारे. परीक्षा पाच मिनिटांनी नसते.

संध्याकाळनंतर चहा-कॉफी नको. तिचा निम्मा अंश पाचेक तासांनीही शरीरात असतो. सराव पेपर दुपारी दोन ते पाच या खऱ्या परीक्षेच्या वेळेतच सोडवा.

पालकांनो, फोनवर ‘किती तास केलास?’ हा प्रश्न बंद करा. ‘झोप झाली का? आज कुठली चूक सापडली?’ असं विचारा. मुलगा जेवत नसेल, बोलणं टाकलं असेल, ‘माझा काही उपयोग नाही’ म्हणत असेल, तर परीक्षा संपेपर्यंत थांबू नका. त्याच दिवशी त्याच्याजवळ जा आणि डॉक्टरांना दाखवा. सरकारची टेलिमानस हेल्पलाइन 14416 मोफत आहे, रात्रीही चालू असते.

स्मरणशक्तीचं टॉनिक मी लिहून देत नाही. त्या मुलीच्या कागदावर मी एवढंच लिहिलं: रात्री साडेदहा ते सकाळी साडेसहा, रोज, परीक्षेच्या आदल्या रात्रीसुद्धा.